हरबा पांचाळाची सायकल

फार फार वर्षं झाली. कोळघाटाला रस्ता नव्हता, नुसती पायवाट होती, आणि तीसुद्धा बकऱ्यांनी पाडलेली, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला वाकणगाव आणि वर ढगांच्या शेजाराला माची. वाकणगावात हरबा पांचाळ नावाचा लोहार राहायचा. पंचक्रोशीतली पहिली सायकल त्यानं आणली. शहरातून तो ती खांद्यावर घेऊन तीन दिवस चालत आला, असं म्हणतात. कारण काय, तर तिच्यावर बसायचं कसं ते त्याला अजून ठाऊक नव्हतं!

हरबाची धाकटी बहीण सगुणा माचीवर दिली होती. पहिल्याच बाळंतपणात ती अडली. माचीवर सुईण नव्हती. सुईण होती खाली, ठकूआजी, पण तिचे गुडघे कधीचेच गेलेले. चौघांनी तिला डोलीत घालून वर नेलं, तोवर सगुणा गेली होती आणि तिचं बाळही. हरबाचं काळीज फाटलं. तेरावं उरकलं, त्यानं भट्टी पेटवली आणि एवढंच म्हणाला, "माचीवर चाक गेलं पायजे."

लोक म्हणाले, पोर दुःखानं भ्रमिष्ट झालं. हरबानं कान दिला नाही.

पण आधी त्यानं लोहाराचीच चूक केली. जे मोडेल ते जाड करायचं, ही त्याची सवय. सायकल त्यानं इतकी दणकट केली, की पहिल्याच वळणावर ती रेड्यासारखी बसली आणि साखळी तुटली. मग त्याच्या ध्यानात आलं, की घाटाला जोर नको, सवड हवी. बैलगाडीच्या चाकावरच्या धावेचं लोखंड घेऊन त्यानं वर्षभर कानस चालवली आणि मागच्या चाकाला ताटाएवढं दातेरी चक्र बसवलं. आता पाय दहादा फिरावे तेव्हा चाक एकदा फिरे. गोगलगाय पुढं जाईल, म्हणून लोक हसले. हसू देत. सायकल माचीवर चढली.

उतरताना मात्र ब्रेकचं रबर वितळून गेलं आणि हरबा सुसाट निघाला. तो थांबला थेट करवंदीच्या जाळीत. अंगातले काटे उपसता उपसता तो हसायला लागला. सगुणा गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला होता. जे आपल्याला धरतं ते मागं बांधावं, एवढी साधी गोष्ट! तेव्हापासून करवंदीचा भारा दोरीनं मागं ओढत तो उतरू लागला.

पुढच्या श्रावणात सगुणाची धाकटी जाऊ अडली. माचीवरून माणूस धावत आला. हरबानं ठकूआजीला मागं बसवलं, धडप्यानं आपल्या कमरेशी बांधलं आणि चढायला लागला. सातवं वळण सगळ्यांत उभं. तिथं सायकल जागच्या जागी थांबली. हरबानं एक पाय टेकवून तोल सांभाळला. आजीनं उतरावं, आपण तिला पाठंगुळी घेऊ, असं तो म्हणाला.

आजी म्हणाली, "म्या उतरायची न्हाई, हरबा. तू बी उतरू नगंस. सगुणा वाट बघतिया."

असं म्हणतात, की तेवढ्यात मागं बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी सायकलीला हात लावला. हरबानं मागं पाहिलं नाही. दात-ओठ खाऊन त्यानं पाय मारले, ते थेट माचीच्या अंगणातच थांबले. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप राहिल्या. मुलीचं नाव काय ठेवलं, ते सांगायला नकोच.

त्यानंतर हरबाच्या भात्यावर घाटाघाटांतली माणसं येऊ लागली आणि हरबाच्या सायकलीसारखी सायकल चाळीस गावांत गेली. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मागं करवंदीचा भारा असे. त्या भाऱ्यांनी वाटेवरचे धोंडे झाडून काढले, वाट रुंद झाली. असं म्हणतात, की पुढं सडक आखायला आलेल्यांनी आठ दिवस मोजमापं घेतली आणि शेवटी हरबाचीच वाट धरली.

आजही घाटाखालच्या आईनाच्या झाडाशी सायकलवाला थांबतो, तीन वेळा घंटा वाजवतो आणि विचारतो, "वर कुणाला यायचं हाय का?" जीपवालेसुद्धा विचारतात. झाडाखाली कुणी नसलं तरी विचारतात, उत्तराची वाट बघतात आणि मगच निघतात. आणि सातव्या वळणावर कितीही दम लागो, मागं कुणी वळून बघत नाही. बहिणीला तिचं काम करू द्यावं, असं म्हणतात.