वाटीवरचा डाग

“यात खोट कुठं आहे, तेवढं दाखवा मास्तर.”

दिगंबरनं फोटो टेबलावर ठेवला आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

रजाक मास्तरांनी फोटोला लगेच हात लावला नाही. आधी बशीतला चहा संपवला. हात धोतराला पुसले. मग म्हणाले, “कशाचा आहे?”

“वाटीचा. घरातलीच. पांढरी, चिनी मातीची. मागं काळं कापड.”

मास्तरांची नजर आता पार गेल्यात जमा होती. मंगळवेढ्यात त्यांच्या स्टुडिओमागं एक अंधारखोली होती. लाल दिवा, औषधांचे ट्रे, फोटो मोठा करायचं जुनं यंत्र. त्या खोलीत काळेपांढरे फोटो धुवायला दिगंबर त्यांच्याकडूनच शिकला होता. पोटासाठी लग्नाचे रंगीत फोटो काढायचा, पण जीव सगळा इथं. घरी एक खोली, त्यात बायको शालन, पोराचा पाळणा. तिथं अंधार करायचा कुठं?

आणि मास्तर म्हणाले होते, “एक फोटो आण. मला पटला तर खोलीची किल्ली तुझी. नाही तर यंत्र भंगारात जातंय.”

म्हणून ही वाटी.

मास्तरांनी फोटो खिडकीशी नेला, अगदी नाकाजवळ धरला. मग टेबलावर ठेवून त्यावरनं बोट फिरवलं. हळू. काठावरनं आत, आतनं परत काठाकडं.

दिगंबर गालात हसत होता. असा काळा आणि असा पांढरा जिल्ह्यात कुणाला जमत नाही, हे त्याला माहीत होतं.

बोट थांबलं.

“इथं काय होतं?”

“कुठं?”

“इथं. कागद खरखरीत लागतोय.”

दिगंबरचं हसू जरा कमी झालं. “डाग होता. ब्लेडच्या टोकानं खरवडून काढला. डोळ्यांना दिसायचा नाही, मास्तर. तुम्ही बोटानं बघता म्हणून...”

“कसला डाग?”

“काजळाचा. शालननं पोराला तीट लावली आणि तसंच बोट वाटीला लावलं. धांदरट आहे नुसती.”

“तुला डागांचं भारी वावडं. त्या लग्नात नवरीच्या हनुवटीवरचा तीळ काढलास. सासू फोटो बघून म्हणाली, ही कुणाची पोर?”

“मास्तर, ती गोष्ट वेगळी.”

“तीट लावली म्हणतोस. कुठं निघाली होती पोराला घेऊन?”

“कुठं नाही. बाळ्याला ताप होता. उतरतच नव्हता. डॉक्टर म्हणाले, आज नाही उतरला तर सोलापूरला न्या. शालनच्या पोटात अन्नाचा कण नाही, नुसती पोराच्या अंगाला हात लावून बघायची. एकदा माझ्या अंगाला, एकदा त्याच्या. पहाटं त्याला घाम फुटला. डोळे उघडून खायला मागितलं त्यानं. ती रडायची सोडून काजळाची डबी शोधायला लागली. म्हणाली, आता दृष्ट लागायला नको. गालाला तीट लावली, त्याच हातानं पेज भरवली. या वाटीतनं.”

“मग?”

“मग काय... त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. खिडकीतनं उजेड आला होता. मी कॅमेरा घेतला.”

मास्तरांचं बोट परत त्या खरखरीत जागेवर गेलं.

दिगंबर टेबलाकडं सरकला. फोटोकडं बघत राहिला...

“फोटो कशाचा काढलास म्हणालास?”

“वाटीचा.”

“बरं.” मास्तरांनी खणातनं शाईची बाटली आणि बारीक ब्रश काढला. फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके पडले की ते झाकायचा हा ब्रश. “डाग काढ.”

“काढलाय की.”

“परत काढ. होता तिथं.”

दिगंबरला आता कळलं. मान खाली घालून त्यानं ब्रश टेकवला. मास्तरांनी कागद नाकाशी नेला.

“ही टिकली झाली.”

ओल्या कापसानं पुसलं. दिगंबरनं पुन्हा काढला, जरा लांबट.

“हे झुरळ.”

पुन्हा पुसलं. पुन्हा काढला. मास्तर म्हणाले, “शालननं असं बेतून लावलं होतं का?”

“नाही. ती... तिचा हात कापत होता.”

“आणि तुझा?”

दिगंबर ब्रश शाईत बुडवायला गेला आणि बाटली कलंडली. शाई बोटांवरनं मनगटापर्यंत आली. फोटो भिजेल म्हणून त्यानं घाईनं तो उचलला, आणि वाटीच्या काठाखाली अंगठा उमटला. काळा, वाकडा, अर्धा फरफटलेला.

“गेला,” दिगंबर म्हणाला. “सगळा गेला फोटो.”

तो कापूस शोधायला लागला. मास्तरांनी फोटो त्याच्या हातातनं घेतला, खिडकीशी नेला. “हा बेतून नाही लावलास,” म्हणाले.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मास्तर, द्या इकडं. अजून ओला आहे, पुसून टाकतो. नाही तर उद्या दुसरा आणतो. स्वच्छ आणतो.”

मास्तरांनी फोटो भिंतीवरच्या खिळ्याला चिमट्यानं अडकवला. मग कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्यापुढं धरली.

दिगंबर किल्लीकडं बघत राहिला. मग आपल्या हाताकडं. शाई कोपराकडं ओघळत होती. त्यानं खुंटीवरचं फडकं ओढलं.

“थांबा मास्तर, हात तेवढा पुसतो.”

“आधी किल्ली घे,” मास्तर म्हणाले. “हात मग धू.”