स्विचसाहेबांचा वरचा संपर्क

विषय: संगणक प्रयोगशाळेतील, सगळ्या संगणकांना इंटरनेटशी जोडणाऱ्या स्विच या पेटीचा बाहेरच्या जगाशी तुटलेला संपर्क.

सदर प्रकरण यंत्रे बोलत असत त्या काळचे. प्रयोगशाळेत बाहेरून काहीच येईना. म्हातारा संगणक धास्तावला. उद्याची प्रश्नपत्रिका उतरली नाही, तर त्याची रवानगी भंगारात होती.

“स्विचसाहेब, बाहेरची केबल बघा ना!”

“डोळे फुटले का तुझे? माझे दिवे कसे लुकलुकताहेत! वरिष्ठांशी अखंड बोलणं चालू आहे.”

“साहेब,” केबल कळवळली, “माझी दोन्ही टोकं तुमच्यातच खोचलीत. तुम्ही स्वतःशीच बोलताय. एक टोक भिंतीतल्या इंटरनेटच्या खाचेत लावून घ्या.”

“रीतसर अर्ज कर. वर पाठवतो.”

अर्ज त्याच केबलमधून वर गेला आणि फिरून स्विचकडेच आला. वरून आलेला कागद म्हणून साहेबांनी तो आदराने पुन्हा वर पाठवला.

म्हातारा संगणक भंगारात गेला. अर्ज विचाराधीन आहे.