मेजालगतची खाट

एकदा एका शुश्रूषागृहात एक वृद्ध परिचारिका आपल्या शिष्येला रुग्णसेवेचे धडे देत असे. सारे त्या वृद्धेला मोठ्या बाई म्हणत. तेथे परिचारिकांच्या मेजालगत एकच खाट होती. ज्या रुग्णाला पडण्याचे भय सर्वाधिक, त्याच्यासाठी ती राखलेली असे. ती कोणाला द्यावी, हे ठरविण्याचे काम एके दिवशी शिष्येकडे आले.

तिने प्रत्येक रुग्णाचे वय, दृष्टी, औषधे, उठबस असे सारे तपासून कोष्टक भरले; गुण जितके जास्त, तितके पडण्याचे भय जास्त. तुळसाबाईंना अठरा गुण मिळाले, द्वारकाबाईंना चार. तुळसाबाई लटपटत्या पायांनी दिवसातून वीसदा उठत, तेही साऱ्यांना हाका मारून. द्वारकाबाई दोन महिन्यांत स्वतःहून उठल्याच नव्हत्या. जी उठतच नाही, ती पडणार कशी?

मोठ्या बाईंनी कोष्टक वाचले आणि द्वारकाबाईंना एवढेच विचारले, "तुम्हाला भेटायला कोण येतं हो?"

"लेक येते. आज जावईही यायचेत."

"यांना मेजालगत हलव," मोठ्या बाई शिष्येला म्हणाल्या.

शिष्या गोंधळली. भेटीला येणाऱ्यांचा आणि पडण्याचा काय संबंध? तुळसाबाई तर कडाडल्याच, "माझी जागा त्या निजलेलीला? मी काय आता पडून दाखवू?"

चार वाजता जावई दारात दिसले. तत्क्षणी द्वारकाबाईंनी डोक्यावर पदर ओढला, पाय खाली सोडले आणि त्या उभ्या राहिल्या. दुसऱ्याच क्षणी त्यांचे गुडघे दुमडले. शिष्या मेजापाशीच होती, म्हणून एका पावलात तिने त्यांना सावरले.

"अहो, हाक का नाही मारलीत?"

"जावईबापू समोर, आणि मी निजून ओरडू होय?"

शिष्येने त्यांना खाटेवर बसवले. मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "मुली, तुळसाबाई उठण्याआधी सारं घर जागं करतात, आपल्याला पोहोचायला वेळ मिळतो. तू द्वारकाबाईंचे पाय नीट तपासलेस. पण ते पाय कोणासाठी उठतील, हे विचारलं नाहीस. आजाराने देह थकतो, जन्मभराची रीत थकत नाही."

शिष्येने कोष्टक पुन्हा हाती घेतले. त्या चाराच्या जागी आता कोणता आकडा लिहावा, हे तिला उमगेना. अखेर तिने तळाशी एक नवी ओळ लिहिली : 'कोण आले असता उठतात?' मग ती तुळसाबाईंपाशी गेली आणि तिने तोच प्रश्न विचारला.

"मी? प्रत्यक्ष यमराज आला तरी कुणी हात दिल्याशिवाय उठायची नाही. बघत काय राहिलीस? दे हात!"

शिष्येने हात दिला.