हन्नाच्या कोंबडीची कहाणी

ऐका शांतीच्या राजा, तुमची कहाणी. आटपाट एक गाव होतं. गावात ख्रिस्ती मंडळींची वस्ती होती. तिथं दोघी जावा राहत, मध्ये एकच भिंत. थोरली हन्ना, धाकटी केशर. हन्ना विधवा होती, लेक दूर दिलेली.

एके दिवशी हन्नाची कोंबडी हरवली. मग हन्नानं काय केलं? रविवारी भर मंडळीत उभी राहिली, म्हणाली, "माझी कोंबडी केशरनं कापून खाल्ली." केशर रडली, नाही म्हणाली, कोणी ऐकलं नाही. बायका तिला कोंबडीचोर म्हणू लागल्या.

पुढं एका सकाळी कडब्याच्या गंजीतून कोंबडी बाहेर आली, मागं पिल्लं. हन्नानं कोंबडीकडं पाहिलं, मग इकडंतिकडं पाहिलं. सगळी डालीखाली झाकली आणि बाजारच्या दिवशी परगावी देऊन आली. कोणाला कळलं नाही. केशरनं बोलणं टाकलं ते टाकलंच.

मग हन्नाचं घर मुकं झालं. भाकरी थापी, एकटीच खाई. कालवण अळणी झालं तर नावं ठेवायलाही कोणी नाही. भिंतीपलीकडं केशर हसली, की हिचा हात तव्यावर थांबे. ताप आला, तर पाणी स्वतःच उठून प्यायली.

तेव्हा दूर सीमेवर राजे लढत होते. हन्ना उपासाचे शुक्रवार धरी, गुडघे टेकी, म्हणे, "देवा, जगात शांती नांदू दे."

असं होता होता दारी एक वाटसरू आला. पायांवर धूळ, तळहातांवर जुने वण. पाणी प्याला, म्हणाला, "बाई, एकटीच का?"

"जाऊ बोलत नाही."

"का बोलत नाही?"

हन्ना तांब्या घासू लागली.

"तर मग एक वसा घे. पण तू अर्ध्यावर सोडशील."

"नाही सोडणार. वसा कोणता तो सांगा."

"जिचं मन मोडलं, तिच्या दारी जावं. तिची चूक काढू नये. आपली चूक आपल्या तोंडानं सांगावी. मग ती म्हणेल ते करावं." एवढं सांगून तो वाटेला लागला.

हन्ना ओटीत अंडी घेऊन गेली. म्हणाली, "केशर, मी तुला क्षमा केली."

"अगं बाई! मोठंच मन हो तुमचं," केशर म्हणाली, आणि दार लावलं.

मग पुन्हा गेली. म्हणाली, "दोघींचंही थोडं थोडं चुकलं."

"माझं थोडं कोणतं, तेवढं सांगा." पुन्हा दार लागलं.

मग रिकाम्या हातानं गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. म्हणाली, "कोंबडी गंजीत होती. मला सापडली. मी लपवली. तुझी अब्रू मी घेतली."

केशर उंबऱ्यापाशी आली. मग म्हणाली, "घेतली चारचौघांत, आणि परत देता कोपऱ्यात?"

हन्ना घरी आली. जेवली नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर मोडायच्या आधी ती उठली, सगळं सांगितलं. मागून एक बाई म्हणाली, "म्हणजे कोंबडी मेलेली उठली म्हणायची!" बायका हसल्या. हन्ना उभीच राहिली. कुठं बसावं कळेना.

मग केशर सतरंजीवर थोडी सरकली. हन्ना तिच्या शेजारी टेकली. भाकरीचं ताट फिरत आलं. केशरनं आपला तुकडा घेतला, ताट पुढं धरलं, म्हणाली, "घ्या, जाऊबाई." हन्नाला आधी रडू आलं, मग भाकर घेतली.

सीमेवरचे राजे त्या दिवशीही लढत होते. त्या वस्तीतली लढाई मात्र मिटली. जसा शांतीचा राजा हन्नाला पावला, तसा तुम्हां आम्हां पावो, राजांनाही पावो. ही लांबलेल्या अबोल्याची कहाणी एका खऱ्या शब्दानं सुफळ संपूर्ण.