शैलदेशातला पूल

एकदा एक तरुण शिष्या आपल्या वृद्ध गुरूंकडे आली आणि म्हणाली, "मी दोन जगं उभी केली, आणि दोन्ही ओस पडली."

वाक्य पुराणातले वाटावे असे आहे. पण शिष्या आजच्याच काळातली होती. शाल्मली तिचे नाव. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत ती ऑनलाइन खेळ रचत असे. तिचे खेळ म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उभे केलेले अख्खे जग. हजारो माणसे आपापल्या घरून एकाच वेळी त्यात प्रवेश करतात. कुणी योद्धा बनतो, कुणी वैद्य, कुणी लोहार. एकमेकांना भेटतात, टाइप करून बोलतात, लढतात. असे खेळ रचण्यात ज्यांनी उमेदीची सारी वर्षे घालवली ते अप्पा रिसबूड हे तिचे गुरू. आता ते वाईजवळच्या एका खेड्यात, हळदीच्या शेताला लागून असलेल्या घरात राहत होते.

अप्पांनी तिला पाणी दिले आणि समोर बसवले. "सगळं सांग. घाई नाही," ते म्हणाले.

शाल्मलीने सांगायला सुरुवात केली. तिचे पहिले जग म्हणजे शैलदेश. तिथे एक राणी होती, तिचा भाऊ नदीपलीकडच्या मेघगडावर दैत्याच्या कैदेत होता, आणि त्याला सोडवायला जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या पायापुढे एक सोनेरी बाण चालत असे. आता इकडे वळा, आता याच्याशी बोला, आता हा शत्रू मारा, हे घ्या बक्षीस. लोक झुंडीने आले, बाणामागून धावले, दैत्य मारून निघून गेले. बहुतेक पुन्हा फिरकले नाहीत.

"ते गेले याचं मला इतकं वाईट वाटलं नाही," ती म्हणाली. "एकदा मी स्वतःच दरबारात जाऊन उभी राहिले. राणीसमोर रांग लागली होती, आणि राणी एकेकाला तेच सांगत होती: तूच या देशाचा एकमेव तारणहार. रांगेतले सगळेच एकमेव. शेजारी कोण उभा आहे हे वळून बघावंसं कुणालाच वाटत नव्हतं. ते बघवेना मला."

म्हणून तिने दुसरे जग रचले ते अगदी उलटे. एक बेट. झाडे, दगड, माती, समुद्र. राणी नाही, बाण नाही, गोष्ट नाही. मनाला येईल ते करा. आरंभी काहींनी घरे बांधली, होड्या केल्या. पण शैलदेशातून आलेल्या, वाघनख असे नाव घेतलेल्या एका बलदंड खेळाडूने टोळी जमवली, बेटावरची एकुलती एक खाडी बळकावली, आणि नवा माणूस किनाऱ्याला लागताच त्याला लुटायला सुरुवात केली. जे लुटारूंच्या हातून सुटले तेही टिकले नाहीत. चार झाडे तोडायची, लाकडे रचायची, आणि हे सगळे कशासाठी, असे वाटून निघून जायचे. शेवटी लुटायला कुणी उरले नाही तेव्हा वाघनखही कंटाळला आणि शैलदेशात परतला.

"निनाद म्हणतोय, शैलदेश सुधारता येत असेल तर सुधार. नाहीतर पुढच्या महिन्यात दोन्ही बंद." निनाद कुलथे कंपनीचा प्रमुख होता. "आणि तसं झालं तर माझ्याबरोबर काम करणारी माणसंही घरी बसतील, अप्पा."

"आपल्या कलेत दोन घराणी आहेत," अप्पा म्हणाले. "एक जत्रेचं. पाळण्यात बसवायचं, फिरवायचं, उतरवायचं. त्याला थीम पार्क म्हणतात. दुसरं वाळूचं. ढीग पुढ्यात ओतायचा आणि म्हणायचं, खेळा. ते सँडबॉक्स. तू एकातून उठलीस आणि थेट दुसऱ्यात जाऊन बसलीस."

"मग खरं घराणं कोणतं?"

अप्पांनी तिचा लॅपटॉप मागितला, साध्या वाटसरूचे रूप घेतले आणि ते शैलदेशात शिरले. दुपारभर ते नुसते चालत होते. बाण खुणावत होता. त्यांनी त्याकडे लक्ष दिले नाही. शेवटी ते नदीवरच्या पांढऱ्या दगडी पुलावर येऊन थांबले. पलीकडे धुक्यात मेघगड दिसत होता आणि गडावरची घंटा संथ लयीत वाजत होती.

"हा पूल कुणी बांधला?"

"कुणी नाही. आहे आपला. पलीकडे जायला लागतो म्हणून ठेवलाय."

"तो पाड," अप्पा म्हणाले.

शाल्मलीला वाटले, ते थट्टा करत आहेत. परंतु अप्पा शांतपणे पुढे सांगू लागले. "बाण काढून टाक. पूल बांधा, असं काम कुणाला नेमून देऊ नकोस आणि त्यासाठी बक्षीसही ठेवू नकोस. दोन्ही काठांवरची झाडं तोडता येतील, दगड फोडता येतील, एवढं तुझ्या बेटावरून इकडे आण. या काठापासून त्या काठापर्यंत दोर ठेव; पण असा, की एका काठावरच्यांना एकट्यांना तो ताणता येऊ नये. आणि ती घंटा चालू राहू दे. अलीकडे ऐकू आली पाहिजे."

"लोक संतापतील, अप्पा."

"संतापतीलच."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. तुला ते जड जाईल."

शाल्मली पुण्याला परतली. गुरूंच्या बोलण्याचा अर्थ तिला लागला नव्हता. पण दुसरा काही उपायही सुचत नव्हता. तिने सांगितल्याप्रमाणे सारी तयारी केली आणि बुधवारी सकाळी पूल पाडला.

दुपारपर्यंत तक्रारींचा पाऊस पडला. निनाद तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"शाल्मली, पूल पडलाय."

"हो."

"पडलाय, की पाडलाय?"

"पाडलाय."

निनादने खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. "लोक सोडून चाललेत. आधीच किती थोडे उरलेत ते तुला माहीत आहे. कारण तरी सांग."

"कारण मलाही नीट सांगता येणार नाही," ती म्हणाली. "सोमवारपर्यंत थांब. तोवर काही झालं नाही तर मीच पूल परत उभा करीन, आणि तू म्हणशील तसं."

तो निघून गेला. शाल्मली पडद्याकडे पाहत बसली. नदीकाठी गर्दी जमत होती. लोक काठाने वरखाली धावत होते, बाण शोधत होते. काहींनी पाण्यात उड्या टाकल्या. प्रवाहाने त्यांना दूर खाली नेऊन सोडले. शिव्याशाप झाले, काही जण खरोखरच निघून गेले. एक आज्ञा टाइप केली की पूल क्षणात जागेवर आला असता. तिची बोटे पुनःपुन्हा कळफलकाकडे जात आणि ती त्यांना मागे घेई.

अलीकडच्या काठावर कासव नावाचा एक खेळाडू होता. वाटेतला प्रत्येक शिलालेख वाचत, प्रत्येक म्हाताऱ्याशी बोलत तो चाले, म्हणून इतरांनीच त्याला ते नाव ठेवले होते आणि पुढे त्यानेही ते घेतले होते. गर्दीत तो बराच वेळ उभा राहिला. पलीकडून घंटेचा नाद येत होता. मग त्याने लिहिले, "राणीचा भाऊ जिवंत आहे की नाही, हे मला बघायचंय. त्याशिवाय मी जाणार नाही. लाकूड तुटतंय बहुतेक. मी तोडतो."

आणि तो तोडू लागला. लोक त्याच्याकडे पाहत राहिले. मग कुणीतरी विचारले, "किती लागतील?" तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. तुला काय वाटतं?" राणीच्या दरबारात हा प्रश्न कधी कुणी कुणाला विचारला नव्हता. थोड्याच वेळात त्या काठावर कुऱ्हाडींचे आवाज घुमू लागले.

पूल पडला तेव्हा वाघनख आणि त्याची टोळी पलीकडे मेघगडावर होती. तलवारी बोथट झालेल्या, आणि लोहार अलीकडच्या काठावर. नदीपाशी येऊन वाघनखाने नेहमीच्या थाटात फर्मावले, "ए पलीकडच्यांनो, जरा हात चालवा."

कासवाने उत्तर दिले, "दोर एका बाजूने ताणला जात नाही. तुम्ही तिकडून धरा."

ज्याने आजवर सर्वांकडून हिसकावूनच घेतले होते, त्याला मागणे ठाऊक नव्हते. अखेर त्याने विचारले, "किती जण लागतील?"

"जेवढे असाल तेवढे."

टोळीने दोर धरला. पहिला सांगाडा निम्म्यावर आला आणि प्रवाहात मोडून गेला. मग दोन्ही काठांवरून भांडण जुंपले. तुम्ही सैल सोडलात, तुम्ही घाई केलीत. आता हे सगळे उठून जाणार, असे शाल्मलीला वाटले. इतक्यात, त्याच दिवशी खेळात आलेल्या एका मुलीने लिहिले, "मधला खडक कुणी बघितलाय का? त्याच्यावर खांब उभा राहील." भांडण चालूच राहिले, पण भांडता भांडता लोक खडकाकडे दगड नेऊ लागले.

रविवारी संध्याकाळी शेवटची फळी बसली. पूल वाकडातिकडा होता. एका बाजूला कठडा होता, दुसरीकडे लाकूड अपुरे पडले होते. पलीकडे जाण्यासाठी सर्वांनी इतके कष्ट घेतले. आता सारे धावत सुटतील अशी शाल्मलीची अपेक्षा होती. पण कुणीच धावले नाही. लोक पुलाच्या मध्यावर येऊन नुसते उभे राहिले. एका बाजूने वाघनख आला, दुसऱ्या बाजूने कासव.

वाघनखाने लिहिले, "तू कुठला?"

"भुसावळ. तू?"

"कुडाळ." आणि मग, "जेवलास का?"

"नाही अजून. हा पूल करत होतो ना."

शाल्मलीच्या मागे निनाद येऊन उभा होता. कधी आला ते तिला कळले नाही. या वेळी मात्र तो खुर्ची ओढून बसला. बराच वेळ पाहून म्हणाला, "ती मधली फळी हलतेय."

"हलू दे," शाल्मली म्हणाली. "त्यांना दिसेल."

खेळ बंद करण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. सोडून गेलेल्यांपैकी काही परत आले. तो पूल खरेच लोकांनी बांधला का, हे बघायला.

पुढच्या आठवड्यात ती अप्पांकडे गेली. झाले ते सर्व सांगून म्हणाली, "अप्पा, पूल पाडायला तुम्ही सांगितलंत ते का, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. पडक्या जगात लोक थांबले, आणि धडधाकट जगातून निघून गेले."

अप्पा म्हणाले, "बेटावर तू लोकांचे हात मोकळे केलेस, पण हात का उचलावा, हे त्यांना कुठून कळणार? शैलदेशात ती ओढ होती. घंटा होती, राणीचा भाऊ होता. फक्त वाट इतकी चोख बांधलेली, की चालणाऱ्याकडून पायांपलीकडे काही मागितलंच जात नव्हतं. मी तुला नवीन काही सांगितलं नाही. ओढ राहू दिली आणि वाटेतलं एक काम त्यांच्यासाठी शिल्लक ठेवायला लावलं. कासवाला पलीकडचा माणूस बघायचा होता, म्हणून त्याने कुऱ्हाड उचलली. कुठे जायचं ते माणसाला गोष्टीतून कळावं लागतं. पण कसं जायचं, हे त्याच्यावर सोडलं की त्याला शेजारचा दिसू लागतो."

"आणि वाघनख? तो बदलला का?"

"छे. त्याला दुसऱ्याची गरज पडली, इतकंच. ती पडत राहील अशी सोय ठेवणं, ते तुझं काम."

"ज्यांनी पूल बांधला त्यांची नावं मी पुलावर कोरावीत का?"

"हवी असतील तर ते कोरतील. त्यांना छिन्नी दे." अप्पा हसले. "आणि एक ध्यानात ठेव. आता उठल्यासुटल्या पूल पाडत जाऊ नकोस. लोकांना वाटेल, बाई दर महिन्याला पूल पाडते. तीही मग जत्राच."

शाल्मलीने गुरूंना नमस्कार केला आणि ती निघाली.

घरी आल्यावर तिने साध्या वाटसरूचे रूप घेतले आणि ती शैलदेशात शिरली. नदीकाठी कुणी एक नवा खेळाडू एकटाच उभा होता. त्याने तिला विचारले, "मी आजच आलोय. इथे काय करायचं असतं?"

शाल्मलीने सवयीने उत्तर लिहायला घेतले: पूल ओलांडा, डावीकडे वळा. लिहिता लिहिता ती थांबली आणि तिने ते पुसले. मनाला येईल ते करा, असे लिहिले आणि तेही पुसले.

पलीकडे घंटा वाजत होती.

"तो आवाज कसला, ते बघायला मी निघाले आहे," तिने लिहिले. "येतोस बरोबर?"