तक्रारीचं वजन

वस्तूंना वाचा होती, तेव्हा बाजारातली भांडणं तराजू मिटवायचा. ज्याचं पारडं जड, तो खरा. गूळ नेहमी डावीकडे बसे आणि नेहमीच जिंके. शेवटी वैतागून मिठाने तराजूविरुद्धच तक्रार केली.

“तीही मीच तोलणार,” तराजू म्हणाला. “उजवीकडे तुझी तक्रार, डावीकडे माझी अब्रू.”

डावं पारडं खाली गेलं.

“पाहिलंस? तुझ्या तक्रारीत वजनच नाही!”

बाजारात चुळबुळ झाली, पण बोलणार कोण? उद्या आपलंही भांडण याच्याचपुढे यायचं!

तेवढ्यात बाजाराशी देणंघेणं नसलेला गवंड्याचा ओळंबा, भिंत सरळ आहे का ते दोरीला लटकून सांगणारा, म्हणाला, “तराजूराव, एकदा दोन्ही पारडी रिकामी करून दाखवा.”

“माझ्यावर संशय?” तराजू थरथरला.

पण आता सगळा बाजार पुढे सरकला होता. पारडी रिकामी झाली.

तरी डावं खालीच. त्याच्या बुडाला गुळाचा खडा चिकटलेला, आणि त्याला मुंग्या लागलेल्या.