रिकाम्या खुंट्या

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर, एक वृद्ध वैद्य राहत असत. सारी पंचक्रोशी त्यांना गुरुजी म्हणे. त्यांचं बोलणं मोजकं आणि ऐकणं अफाट. रोगी तापाचं सांगता सांगता सुनेच्या तक्रारींवर घसरला, तरी गुरुजी त्याला अडवत नसत. त्यांच्यापाशी नीलकंठ नावाचा एक शिष्य होता. तो हुशार होता, कष्टाळू होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

गुरुजींच्या औषधशाळेची एक जुनी रीत होती. तिथे काढा मिळे तो वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात. हे तुंबे भिंतीवरच्या लाकडी खुंट्यांना टांगलेले असत. रोग्याच्या माणसाने तुंबा नेताना आपल्या घरातल्या कापडाची एक चिंधी त्या खुंटीला बांधायची. गुण आला की तुंबा परत आणायचा, आपल्या हाताने चिंधी सोडायची आणि जमलेल्यांना गूळखोबरं वाटायचं. लोकांना या रीतीचं फार कौतुक होतं. चिंधी सोडताना कुणी हसे, कुणाचे डोळे भरून येत, आणि गूळ तर सगळ्यांनाच आवडे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गावोगाव थंडीतापाची साथ पसरली. नीलकंठ दिवसच्या दिवस रानात हिंडला आणि त्याने एक कडू मुळी शोधून काढली. तिचा काढा त्याने आधी स्वतः पिऊन पाहिला. पोट जरा ढळलं, एक-दोन जुलाब झाले, पण त्याने ते शुद्धीचं लक्षण मानलं. मग त्याने तो रोग्यांना दिला, आणि खरोखरच तापलेली अंगं दुसऱ्या दिवशी गार होऊ लागली. औषधशाळेत गुळाचा नुसता पाऊस पडला. तुंबे परत येऊ लागले, चिंध्या सुटू लागल्या आणि नीलकंठाची मान दिवसागणिक ताठ होत गेली.

ही कीर्ती ऐकून बंदराकडचा एक व्यापारी बैलगाड्या घेऊन आला. बंदराच्या गावात हीच साथ शिरली होती, आणि त्याची धाकटी लेक तिथेच दिलेली होती.

"वैद्यबुवा, माझी लेक अंथरुणाला खिळली आहे," तो हात जोडून म्हणाला. "उद्या सकाळी माझ्या गाड्या निघतील. तिच्यासाठी औषध द्या, आणि सगळ्या गावाला पुरेल एवढी मुळीही द्या."

"नक्कीच देऊ," नीलकंठ उत्साहाने म्हणाला. "पण आधी खात्री करून घ्या. ऐका या लोकांचं."

ओसरीवर बरे झालेल्यांची दाटी होती. एक म्हणाला, मी मेल्यात जमा होतो. दुसरा म्हणाला, याच्या हाताला देवाचा गुण आहे. तिसऱ्याने तर आपलं म्हातारपणही थोडं कमी झाल्याचं सांगून टाकलं. व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर आशा उमटली. तेवढ्यात गुरुजी उठले. साऱ्या मंडळींकडे पाठ फिरवून ते भिंतीपाशी गेले. जिथे तुंबे परत आले नव्हते आणि चिंध्या तशाच लोंबत होत्या, त्या रिकाम्या खुंट्यांसमोर ते उभे राहिले आणि त्यांनी हात जोडून नमस्कार केला.

ओसरीवरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. नीलकंठाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारपणी गुरुजींचं डोकं फिरलं की काय, असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. गुरुजींनी मात्र कोपऱ्यातली काठी उचलली आणि म्हणाले, "शेठजी, सकाळपर्यंत थांबा. नीलकंठा, वहाणा घाल."

"कुठे जायचंय, गुरुजी?"

"जे आले नाहीत त्यांच्याकडे. आणि एक लक्षात ठेव, तिथे फक्त विचारायचं. पटवून द्यायचं नाही."

नीलकंठाने नाइलाजाने चिंध्यांवरून हात फिरवला. एक तुकडा घोंगडीचा होता, म्हणजे माळावरचा धुळा धनगर. एका खुंटीला माशांच्या जाळ्याचं सूत बांधलं होतं, तो नदीकाठचा सटवाजी भोई. आणि एका खुंटीला हिरव्या रेशमाचा मागावरून तोडलेला पदर होता. ते कोष्ट्याचं घर, पलीकडच्या आळीतलं.

धुळा वाड्याच्या कुडापाशी मेंढ्या मोजत बसलेला सापडला. चांगला ठणठणीत होता.

"तुंबा व्हय?" तो ओशाळून हसला. "त्याचं आसं झालं बगा, आमच्या कारभारनीनं त्यात लोनी ठेवलंय. लई ब्येस ऱ्हातंय. म्हनली, परत दिऊच नगा."

नीलकंठ खो खो हसला. "पाहिलंत, गुरुजी?"

"पाहिलं," गुरुजी म्हणाले आणि चालू लागले.

सटवाजी भोई नावेला डांबर लावत होता. त्याच्याही अंगात तापाचा मागमूस नव्हता. नीलकंठाने तुंब्याचं विचारताच त्याने झोपडीच्या वाशाकडे बोट दाखवलं. तुंबा तिथे टांगला होता. नीलकंठाने तो खाली काढला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. बूच तसंच होतं. काढा काठोकाठ भरलेला होता.

"तुम्ही हा घेतलाच नाही?"

"बूच काडलं आन् वासानंच पोटात ढवळलं," सटवाजी म्हणाला. "म्हनलं उद्या पिऊ. दुसऱ्या दिशी उठलो तर ताप गेल्याला. मंग कशापाई प्यायचं? तुमास्नी वाईट वाटंल म्हून आलो न्हाई."

नीलकंठाला खरोखरच वाईट वाटलं. पण त्याहून जास्त त्याला नवल वाटलं. औषध न घेताही हा बरा झाला, तर मग ओसरीवर गूळ वाटणाऱ्यांपैकी किती जण असेच आपोआप बरे झाले असतील? हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता. आता पडला, आणि पायात काटा मोडावा तसा तो पावलागणिक टोचू लागला. त्याने गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "मलाही ठाऊक नाही. म्हणून तर चालतोय."

कोष्ट्याच्या घरी माग बंद होता. दारात सगुणा नावाची बाई बसली होती. कपाळ मोकळं होतं. नीलकंठाला पाहताच ती धडपडत उठली आणि चोरी पकडली गेल्यासारखी भिंतीला टेकली.

"आणून देणार होते, वैद्यबुवा," ती घाईघाईने म्हणाली. आतून तिने तुंबा आणला. घासूनपुसून स्वच्छ करून फडक्यात बांधून ठेवलेला. "पण गुण आला की तुंबा आणायचा, अशी तुमची रीत. आमच्यात गुण आला नाही. मग कोणत्या तोंडानं आणायचा?"

नीलकंठाच्या ओठांवर प्रश्न आला होता की, वेळेवर दिला होतात ना? गुरुजींनी हलकेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो प्रश्न त्याने गिळला.

"चूक माझीच असणार," सगुणा म्हणाली. "साऱ्या गावाला गुण आला म्हणतात. मग आमच्याच घरात का नाही? काढा जास्त उकळला असेल, नाहीतर कमी पाजला असेल. मी सारखी तेच आठवत बसते."

नीलकंठ तिच्यासमोर जमिनीवर बसला. "ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, "काढा देण्याआधी तुमचे यजमान कसे होते? मला सगळं सांगा. मी ते विचारलंच नव्हतं."

"तापाच्या आधीपासूनच पोट बिघडलं होतं. पेज पाजली तरी उलटून पडायची. तुमचा काढा दिला आणि ताप उतरला. मला वाटलं, जिंकलं. मी शेजारणीकडे गूळ द्यायला गेले. पण पोट थांबेना, सारखं पाण्यासारखं वाहत होतं. मी परत आले तर त्यांचा हात गार पडला होता. ताप उतरल्याचा गार, असंच मला आधी वाटलं." ती थांबली. "गूळ अजून माझ्या हाताला चिकटलेला होता, वैद्यबुवा."

नीलकंठाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मुळीने पोट ढळतं हे त्याला माहीत होतं. स्वतःच्या जिभेने, स्वतःच्या पोटाने त्याने ते अनुभवलं होतं. धडधाकट माणसाचं पोट एकदा ढळलं तर काही बिघडत नाही. पण ज्याच्या अंगात थेंबभर पाणी ठरत नाही, त्याचं उरलंसुरलं पाणीही त्या मुळीने काढून घेतलं होतं.

"ताई, चूक तुमची नाही," तो म्हणाला. "माझी आहे. काढा तुम्ही बरोबरच दिला. मी तो द्यायला नको होता."

सगुणा त्याच्याकडे पाहत राहिली. मग पदरात तोंड लपवून ती मोठ्याने रडली, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं रडली.

परतताना नदीच्या काठी नीलकंठ थांबला. "गुरुजी, ती मुळी मी फेकून देतो."

"फेकतोस कशाला? धुळ्याचा ताप तिने उतरवला असेल, नसेलही. ते अजून शोधायचं आहे. मुळी खोटी नाही रे. तिची अर्धीच गोष्ट तुझ्या कानावर आली होती." गुरुजी काठीवर भार देऊन दगडावर टेकले. "नीलकंठा, बरा झालेला माणूस स्वतःच्या पायांनी येतो आणि स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याच्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही. जो बरा झाला नाही, त्याला पाय नसतात, आणि त्याच्या माणसाला तोंड उरत नाही. त्यांचं ज्ञान हवं असेल तर चालण्याचे कष्ट वैद्याने करायचे असतात. ओसरीवरच्यांनी तुला सुख दिलं. विद्या मात्र या रिकाम्या खुंट्यांपाशी आहे. म्हणून नमस्कार तिकडे केला."

नीलकंठाने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मग म्हणाला, "आणि आपली रीत, गुरुजी? ती बदलायला हवी. तीच त्यांना येऊ देत नाही."

गुरुजींनी त्याच्याकडे वळून पाहिलं. हे त्यांनाही सुचलं नव्हतं.

सकाळी गाड्या जुंपलेल्या होत्या आणि व्यापारी घायकुतीला आला होता. ओसरीवर लोक होतेच. त्यांच्यात आज सगुणाही होती, मागे खांबाआड. नीलकंठाने पहाटेच जाऊन तिला बोलावून आणलं होतं. तो तिला पुढे घेऊन आला आणि साऱ्यांच्या आधी तिला बसायला आसन दिलं. मग त्याने तिला जे घडलं ते सांगायला लावलं. तिने सांगितलं.

नीलकंठ व्यापाऱ्याकडे वळला. "शेठजी, काल मी तुम्हाला एक गोष्ट विचारली नाही. तुमच्या लेकीचं पोट कसं आहे?"

व्यापाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "निरोप्या सांगत होता," तो अडखळत म्हणाला, "पोटात पाणीसुद्धा ठरत नाही तिच्या."

काल औषध दिलं असतं तर काय झालं असतं, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. नीलकंठाने व्यापाऱ्याला आधी काय करायचं ते पुन्हा पुन्हा पढवलं. तांदळाची पातळ पेज, मीठ घालून, चमचा चमचा, न कंटाळता. पोट थांबून पाणी ठरू लागलं आणि तरीही ताप राहिला, तरच काढा. मग त्याने तुंबा भरून त्याच्या हातात दिला. व्यापाऱ्याने आपल्या पागोट्याची किनार फाडली आणि खुंटीला बांधली. जाताना तो सगुणापुढे थांबला. त्याने नुसते हात जोडले.

त्या दिवसापासून औषधशाळेची रीत बदलली. गुण येवो न येवो, तुंबा परत आणायचा, आणि ज्याला गुण आला नाही त्याचं आधी ऐकायचं. सगुणाने आपला हिरवा पदर सोडायला हात पुढे केला, तेव्हा नीलकंठ म्हणाला, "ताई, राहू दे तो. मला दिसत राहू दे."

कितीएक दिवसांनी बंदराकडून एक गाडी आली. तिच्यातून एक तरुण मुलगी उतरली. अशक्त होती, पण आपल्या पायांनी चालत आली. तुंब्यातला काढा तसाच होता, त्याची गरजच पडली नव्हती. तिने पागोट्याची किनार सोडली आणि ओसरीवर एकच आनंद झाला. गूळ वाटला गेला. नीलकंठाने तो कपाळाला लावून खाल्ला, कारण तोही मनापासून आनंदला होता. मग सवयीने त्याची नजर भिंतीकडे गेली. हिरव्या पदराशेजारी आणखी काही खुंट्या रिकाम्या होत्या, नव्या चिंध्यांच्या.

तो उठला आणि त्याने वहाणा घातल्या.

"मी येऊ?" गुरुजींनी विचारलं.

"नको, गुरुजी. वाट कळली मला."

आपल्या कामाची वाहवा कानी पडली, की एकदा आपण आपल्या भिंतीकडेही पाहावं.